क्रीडांगणापासून पेढीपर्यंत : फ्रिट्झ पोलार्ड

आंतरशालेय सामन्यात विजय मिळवून देणाऱ्या मुलाचे नाव दुसऱ्या दिवशी प्रत्येक वर्गात ऐकू येते. पुढील वर्षी ते एखाद्याच वर्गात ऐकू येते, आणि दहा वर्षांनंतर बहुधा कोठेच नाही. खेळाडूच्या कीर्तीचे आयुष्य असे अल्प असते. पायांतील चपळाई तिशीपर्यंत, फार तर पस्तिशीपर्यंत साथ देते. मनुष्याला मात्र त्यापुढेही तितकीच किंवा दुप्पट वर्षे काढावयाची असतात. त्या वर्षांत पोट कशावर भरावे आणि ज्या जगाने काल टाळ्या वाजविल्या त्याने आज पाठ फिरविली तर कसे वागावे, हे प्रश्न क्रीडांगणावरील कोणत्याही प्रश्नाहून कठीण आहेत. हे प्रश्न ज्याच्यापुढे फार कठोर रूपाने उभे राहिले आणि ज्याने ते आपल्या उद्योगाने सोडविण्याचा जन्मभर यत्न केला, अशा एका अमेरिकन खेळाडूचे चरित्र आम्ही यंदा विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत. त्याचे नाव फ्रिट्झ पोलार्ड.

पोलार्डचा जन्म ता. २७ जानेवारी १८९४ रोजी शिकागो शहराच्या रॉजर्स पार्क या भागात झाला. त्याचे मातापिता कृष्णवर्णीय होते. बाप न्हाव्याचा धंदा करी व त्याचे स्वतःचे दुकान होते. आई शिवणकाम करून संसारास हातभार लावी. आठ भावंडांत हा सातवा. आईबापांनी त्याचे नाव फ्रेडरिक डग्लस असे ठेविले. हे नाव सहज सुचलेले नव्हते. फ्रेडरिक डग्लस हा जन्माने गुलाम. तो १८३८ साली पळून जाऊन स्वतंत्र झाला आणि पुढे आपल्या वाणीने व लेखणीने गुलामगिरीविरुद्ध झगडला. अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ साली कायद्याने नष्ट झाली. तिकडील त्या घटनेचा आपल्या महाराष्ट्रावरही किती परिणाम झाला होता हे सांगावयाचे तर, जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेले आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केले होते, एवढे स्मरण पुरे आहे. परंतु कायद्याने बेडी तुटली म्हणून मनातील भिंत पडत नाही. आमच्या चरित्रनायकाचे सारे आयुष्य त्या भिंतीशी झगडण्यात गेले.

रॉजर्स पार्कची वस्ती जवळजवळ सर्व गोऱ्या लोकांची, व तीत जर्मन कुटुंबे पुष्कळ. त्या शेजाऱ्यांनी या चपळ पोरास लाडाने फ्रिट्झ म्हणण्यास प्रारंभ केला आणि तेच नाव कायम झाले. घरातील वडील भाऊ चांगले खेळाडू होते. त्यांनी धाकट्यास दोन गोष्टी शिकविल्या. पहिली, चेंडू कसा घेऊन पळावा. आणि दुसरी, वर्णावरून कोणी शिवी दिली अथवा मुद्दाम दुखापत केली तरी राग गिळून खेळ कसा चालू ठेवावा. हाणामारीस प्रवृत्त झालेल्या कृष्णवर्णीय मुलास मैदानाबाहेर काढण्यास सर्वजण टपलेले असत. म्हणून त्याने आपले उत्तर खेळानेच द्यावयाचे, असा त्या घराचा शिरस्ता होता. लेन टेक्निकल हायस्कूलमधून १९१२ साली बाहेर पडेपर्यंत फ्रिट्झ फुटबॉल, बेसबॉल व धावण्याच्या शर्यती या तिन्हींत नावाजला होता.

येथे वाचकांस एक खुलासा केला पाहिजे. अमेरिकेत ज्यास फुटबॉल म्हणतात तो आपल्या मैदानावरील फुटबॉल नव्हे. तेथील चेंडू लांबट, दोन्ही टोकांस निमुळता असतो आणि तो बहुतेक वेळ हातांत धरून पळावयाचा असतो. दोन्ही बाजूंस अकरा-अकरा गडी असतात. चेंडू घेऊन पळणाऱ्यास प्रतिपक्षाने अंगावर झेप घेऊन खाली पाडावयाचे आणि त्याच्या सोबत्यांनी त्याला वाट मोकळी करून द्यावयाची, असा हा खेळ आहे. आपल्या कबड्डीतील धरपकड व शर्यतीतील धाव एकत्र केली तर त्याची थोडीशी कल्पना येईल. त्या काळी शिरस्त्राण पातळ कातड्याचे असे व चिलखतासारखी साधने फारशी नव्हती. एकदा गडी खाली पडला म्हणजे त्याच्यावर चार-पाच धिप्पाड माणसे कोसळत. पोलार्डची उंची सुमारे ५ फूट ९ इंच व वजन सुमारे १६५ पौंड. म्हणजे या खेळात तो लहानखुराच. त्याचे सारे सामर्थ्य वेगात आणि पळता पळता एकाएकी दिशा बदलण्यात होते.

हायस्कूल सुटल्यावर तीन वर्षे त्याची धरसोडीत गेली. अखेर १९१५ साली ऱ्होड आयलंड संस्थानातील प्रॉव्हिडन्स येथील ब्राऊन विद्यापीठात त्याने प्रवेश मिळविला व रसायनशास्त्र हा विषय घेतला. खर्चासाठी पैसा हवा होता. म्हणून त्याने वसतिगृहातील आपल्या खोलीतच इस्त्रीचे दुकान थाटले व सोबत्यांच्या कपड्यांस इस्त्री करून देण्याचा धंदा सुरू केला. पुढे त्याने अनेक धंदे केले. पण आमच्या मते त्या सर्वांचा उगम या खोलीतील तापलेल्या इस्त्रीत आहे. काम हलके की भारी हा विचार त्याने केला नाही; लोकांस काय हवे आहे आणि ते आपणास करून देता येईल काय, एवढेच पाहिले.

फुटबॉलच्या संघात प्रथम त्याचे स्वागत थंडपणाने झाले. परंतु पहिल्या काही सरावांतच त्याचे पाय बोलू लागले, आणि मग त्याला बाहेर ठेवणे संघास परवडण्यासारखे नव्हते. त्याच मोसमाच्या शेवटी, ता. १ जानेवारी १९१६ रोजी, ब्राऊनचा संघ कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथे नववर्षाचा सामना खेळावयास गेला. हाच सामना पुढे रोझ बोल या नावाने जगप्रसिद्ध झाला. त्यात खेळणारा पोलार्ड हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू होय. दैव मात्र अनुकूल नव्हते. पावसाने मैदान चिखलमय झाले होते. चपळाईवर अवलंबून असणाऱ्या या गड्याचे पाय रुतू लागले आणि वॉशिंग्टन स्टेटच्या संघाने ब्राऊनचा १४–० असा पराभव केला.

पुढचा मोसम मात्र त्याचा होता. १९१६ च्या नोव्हेंबरात ब्राऊनने प्रथम येलचा २१–६ असा व पाठोपाठ हार्वर्डचा २१–० असा पाडाव केला. येल आणि हार्वर्ड म्हणजे त्या काळी या खेळातील सार्वभौम सत्ता. एकाच मोसमात त्या दोघांनाही हरविणे हा मोठाच पराक्रम होता. या दोन्ही विजयांचा मुख्य शिल्पकार पोलार्डच. प्रेक्षकांतून त्याच्या वर्णावरून येणारे कुत्सित शब्द तो ऐके आणि पुढल्या खेपेस आणखी वेगाने पळे. शेवटच्या सामन्यात कोलगेट विद्यापीठाने ब्राऊनला २८–० असे नमविले, तरी त्याची कीर्ती कमी झाली नाही. अमेरिकन फुटबॉलचे जनक मानले जाणारे वॉल्टर कँप हे दरसाल देशातील सर्वोत्तम अकरा खेळाडूंची यादी करीत. १९१६ च्या यादीत पोलार्डचे नाव होते. त्यापूर्वी हा मान केवळ एका कृष्णवर्णीय खेळाडूस मिळाला होता. आणि मागल्या फळीतील, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्या, कृष्णवर्णीय गड्यास तर तो प्रथमच मिळत होता.

आता जे सांगावयाचे ते विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष देऊन वाचावे. एवढी कीर्ती पदरी आलेल्या या तरुणाचे अभ्यासाकडे दुर्लक्ष झाले. १९१७ साली अभ्यासातील उणिवेमुळे त्यास खेळण्याचाही अधिकार उरला नाही, आणि पदवी न घेताच त्याने विद्यापीठ सोडले. हार्वर्ड व येल यांच्या अकरा-अकरा गड्यांस ज्यास अडविता आले नाही, त्यास दुर्लक्षिलेल्या वह्यांनी अडविले. चरित्रनायकाचा हा दोष आम्ही झाकून ठेवीत नाही. कारण त्याची किंमत त्याने स्वतः भरली, आणि ती किती होती हे पुढे दिसेलच.

याच सुमारास अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. मेरीलँडमधील कँप मीड या लष्करी छावणीत पोलार्ड यांनी वाय. एम. सी. ए. या संस्थेतर्फे शारीरिक शिक्षणाचे संचालक म्हणून काम केले. १९१८ पासून पेनसिल्व्हेनियातील लिंकन विद्यापीठ या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेत ते फुटबॉलचे प्रशिक्षक झाले. १९१९ मध्ये ओहायोतील अ‍ॅक्रन या रबराच्या कारखान्यांच्या गावाने त्यांना आपल्या संघात वेतन देऊन बोलाविले, आणि त्यांच्या व्यावसायिक कारकिर्दीस आरंभ झाला.

त्या काळी पैसे घेऊन फुटबॉल खेळणे फारसे प्रतिष्ठेचे समजले जात नसे. संघ लहान लहान कारखानदार गावांचे, मैदाने साधी, आज या संघात असलेला गडी उद्या दुसऱ्या संघात दिसे. या अव्यवस्थेस आळा घालण्यासाठी १९२० साली ओहायोतील कँटन गावी एका मोटारविक्रेत्याच्या दुकानात संघांचे चालक जमले व त्यांनी एक संघटना स्थापिली. आज नॅशनल फुटबॉल लीग या नावाने जी अब्जावधी डॉलर्सची संस्था प्रसिद्ध आहे तिचा हा जन्म. तिच्या पहिल्याच वर्षी खेळलेल्या दोन कृष्णवर्णीयांपैकी पोलार्ड हे एक होत. त्या वर्षी अ‍ॅक्रनचा संघ आठ सामने जिंकला, तीन बरोबरीत सोडविले आणि एकही हरला नाही. साऱ्या मोसमात त्याच्याविरुद्ध अवघे सात गुण झाले. अर्थात पहिले अजिंक्यपद अ‍ॅक्रनकडे आले.

परंतु त्या विजेत्याची गावात काय स्थिती होती? इतर खेळाडूंबरोबर कपडे बदलण्याची त्यांना सोय नव्हती. संघाच्या एका मालकाचे चिरुटांचे दुकान होते. तेथे ते पोशाख चढवीत आणि खेळ सुरू होण्याच्या अगदी आधी मैदानावर येत, म्हणजे गर्दीतून जाण्याचा प्रसंग येऊ नये. मैदानावर ते खाली पडले की, काही प्रतिस्पर्धी शिटी झाल्यावरही मुद्दाम त्यांच्या अंगावर कोसळून हाडे मोडू पाहत. यावर त्यांनी एक युक्ती योजिली होती. पडताक्षणीच ते उताणे होत व खिळ्यांच्या बुटांसह दोन्ही पाय वर उचलून धरीत. ज्यास अंगावर उडी घ्यावयाची असेल त्याने ती खिळ्यांवर घ्यावी! यात कोणावर हात उगारणे नव्हते, शिवीगाळ नव्हती, पंचाकडे रडगाणे नव्हते. भावांनी बालपणी दिलेला धडा येथे कामास आला.

१९२१ साली अ‍ॅक्रनच्या संघाने त्यांच्यावर खेळाडूबरोबरच प्रशिक्षकाचीही जबाबदारी टाकली. अशा संघाचे नेतृत्व कृष्णवर्णीयाकडे जाण्याचा हा पहिलाच प्रसंग. ज्या गावात त्यांना उघडपणे कपडे बदलता येत नव्हते, तेथेच गोरे गडी त्यांच्या आज्ञेप्रमाणे खेळू लागले. त्याच वर्षी त्यांच्याबरोबर अ‍ॅक्रनकडून पॉल रॉबसन हा तरुण खेळला. तो त्या वेळी कायद्याचा अभ्यास करीत होता आणि पुढे गायक व नट म्हणून त्याची कीर्ती साऱ्या जगभर पसरली. पोलार्ड यांनी नंतर मिलवॉकी, हॅमंड व प्रॉव्हिडन्स या संघांतून आणि पेनसिल्व्हेनियातील कोळशाच्या खाणींच्या प्रदेशातील गिल्बर्टन या संघातूनही सामने केले. १९२६ मध्ये ते पुन्हा अ‍ॅक्रनकडून खेळले, आणि त्या मोसमाबरोबर लीगमधील त्यांची कारकीर्द संपली. तेव्हा ते ३२ वर्षांचे होते.

यानंतर जे घडले ते त्या लीगच्या इतिहासातील लाजिरवाणे प्रकरण होय. कृष्णवर्णीय खेळाडूंची संख्या घटत गेली आणि १९३३ नंतर एकही उरला नाही. तसा कोणताही लेखी नियम नव्हता. पण दार बंद झाले, आणि ते १९४६ पर्यंत उघडले नाही. पोलार्ड यांनी दारावर डोके आपटीत न बसता दुसरीकडे मैदान मोकळे केले. १९२८ च्या सुमारास त्यांनी शिकागो ब्लॅक हॉक्स या नावाचा सर्वस्वी कृष्णवर्णीयांचा संघ उभारला व गावोगाव गोऱ्या संघांशी सामने लावले. मंदीच्या लाटेत तो संघ बुडाला. पुढे १९३५ पासून काही मोसम त्यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील ब्राऊन बाँबर्स या संघास शिकविले. मुष्टियोद्धा जो लुई याच्या टोपणनावावरून त्या संघाचे नाव पडले होते. कृष्णवर्णीय खेळाडू गोऱ्यांच्या तोडीस तोड खेळतात हे लोकांच्या डोळ्यांसमोर सतत राहावे, हा त्यांचा यामागील हेतू होता.

आता त्यांच्या धंद्यांकडे वळू. खेळत असतानाच, १९२० नंतरच्या दशकात, त्यांनी एफ. डी. पोलार्ड आणि कंपनी या नावाची पेढी काढली. लोकांची बचत रोख्यांत व शेअरांत गुंतविण्याचे काम ही पेढी करी. कृष्णवर्णीयाने काढलेली अशा प्रकारची पहिली पेढी म्हणून तिची गणना होते. गोऱ्यांच्या पेढ्यांत ज्यांस कोणी बसावयासही सांगत नसे, अशा शिक्षक, पाद्री, दुकानदार व कारागीर लोकांच्या पैशाला वाढण्याची वाट मिळाली तरच त्यांचे स्वातंत्र्य टिकेल, हा विचार त्या उद्योगाच्या मुळाशी दिसतो. परंतु १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. मोठमोठ्या पेढ्या ज्या वादळात उन्मळून पडल्या त्यात हे रोपटे कसे तगणार? १९३१ साली पेढीचे दिवाळे निघाले.

वय ३७, पदवी नाही, पेढी बुडालेली, लीगचे दार बंद. अशा वेळी पुष्कळ माणसे जुन्या सामन्यांच्या आठवणी सांगत उरलेले आयुष्य कंठतात. पोलार्ड यांनी आयुष्यातील निरनिराळ्या वेळी दगडी कोळसा पुरविण्याचा धंदा केला; १९३५ साली न्यूयॉर्क इंडिपेंडंट न्यूज हे वृत्तपत्र सुरू केले व ते १९४२ पर्यंत चालविले; हार्लेममध्ये सन टॅन स्टुडिओ ही संस्था चालवून गायक-नटांस तालमीसाठी जागा आणि कामे मिळवून देण्याची व्यवस्था केली. १९५६ साली त्यांनी रॉकिन द ब्लूज हा संगीतपट निर्माण केला. उतारवयात करविषयक सल्लागार म्हणून त्यांचा चांगला जम बसला. या सर्व धंद्यांत एक सूत्र आहे. जेथे आपल्या लोकांस दुसऱ्याच्या दारी ताटकळावे लागे, तेथे त्यांनी आपले दार उघडले. पैसा गुंतवावयाचा आहे? ही पेढी. आपल्या समाजाची बातमी छापावयाची आहे? हे पत्र. कला आहे पण रंगमंच नाही? ही तालीमखोली. त्यांपैकी काही उद्योग चालले, काही बुडाले. बुडालेल्यांची लाज त्यांनी बाळगली नाही व चाललेल्यांवर ते आळसावून बसले नाहीत.

मुलांच्या बाबतीतही त्यांना समाधान लाभले. त्यांचे चिरंजीव धाकटे फ्रिट्झ पोलार्ड यांनी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ब्राँझपदक मिळविले.

स्वतः पोलार्ड यांच्या वाट्यास आलेले सन्मान मात्र फार सावकाश आले. १९५४ साली महाविद्यालयीन फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात त्यांचे नाव दाखल झाले. १९८१ साली ब्राऊन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरची पदवी दिली. तेव्हा त्यांचे वय ८७ होते. जी साधी पदवी तरुणपणी अभ्यासाने हाती आली असती, तिच्या जागी ही मानाची पदवी येण्यास चौसष्ट वर्षे लागली! व्यावसायिक फुटबॉलचे कीर्तिमंदिर कँटन येथे १९६३ साली उघडले. ज्या लीगचे पहिले अजिंक्यपद त्यांनी जिंकून दिले, तिच्या या मंदिराचे दार त्यांच्या हयातीत त्यांच्यासाठी उघडले नाही. तेवीस वर्षे दरसाल इतरांची नावे पुकारली गेली. ता. ११ मे १९८६ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, मेरीलँडमधील सिल्व्हर स्प्रिंग येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर त्या लीगमध्ये दुसरा कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक नेमला गेला तो १९८९ साली. म्हणजे साठांहून अधिक वर्षे ती जागा कोणासही मिळाली नव्हती. प्रशिक्षकांच्या नेमणुकीत सर्वांस समान संधी मिळावी यासाठी २००३ साली स्थापन झालेल्या संस्थेस फ्रिट्झ पोलार्ड यांचे नाव देण्यात आले. अखेर २००५ साली कँटनच्या कीर्तिमंदिराने त्यांना आपल्यात घेतले. ज्या गावात १९२० साली ती लीग जन्मली, त्याच गावी त्यांच्या नातवाने पुढे होऊन आजोबांचा मान स्वीकारला.

उशिरा मिळालेला न्याय पाहून आनंद मानावा की खेद करावा, हे आम्ही वाचकांवर सोपवितो. पालकांस आम्ही एवढेच सुचवू इच्छितो की, आपला मुलगा मैदानावर पळत असेल तर त्यास पळू द्यावे. मात्र संध्याकाळी त्याची वहीही उघडून पाहावी. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी काहींस पुढे अशी दारे भेटतील की ती तुमच्या गुणांकडे न पाहता तुमच्या कुळाकडे, वर्णाकडे अथवा खिशाकडे पाहून लावून घेतली जातील. त्या वेळी पोलार्ड यांचे स्मरण करा. आणि देव न करो, पण तुमच्यापैकी कोणी उद्या एखाद्या दाराचा रखवालदार झाला, तर बाहेर कोणी चिरुटांच्या दुकानात कपडे बदलीत उभा नाही ना, हे आधी जाऊन पाहा.